उन्हाळ्यात टिकेल तोच वेग

पहाटे ५

मे महिन्यात नांदेडला कॉम्प्युटरचं नाजूक काम करायचं तर ते सूर्य वर यायच्या आत. दुपारी बाहेर पारा ४२-४३ अंशांवर असतो आणि तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत निवत नाही. पहाटे पाचला मात्र सिडकोतल्या माझ्या खोलीत २८-२९ अंशच असतात. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणं हे माझं काम, आणि आज टेबलावर एकच वस्तू आहे: एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबीचं, वापरलेलं ग्राफिक्स कार्ड. लातूरच्या भाच्यासाठी घेतलंय. तो लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो, ताईच्या घरी पुढच्या खोलीत बसून. लग्नसराई जोरात आहे आणि त्याचं मशीन रेटून रेटून चालतंय.

हे कार्ड ऑक्टोबर २०१६ मध्ये बाजारात आलं. आता ते जुनं झालं, तरी आमच्या भागात त्याला अजून मागणी आहे. इकडे स्वस्तातला घरगुती कॉम्प्युटर म्हणजे बहुतेकदा एखाद्या कंपनीच्या ऑफिसातून निघालेला डेस्कटॉप असतो. २०१२च्या आसपासचा, तिसऱ्या पिढीच्या कोअर आय५चा. त्याच्या पॉवर सप्लायमधून ग्राफिक्स कार्डासाठी वेगळी सहा पिनांची वायर निघतच नाही. कार्डाला जी वीज मिळायची ती मदरबोर्डच्या स्लॉटमधून, आणि स्लॉटची मर्यादा ७५ वॅट. १०५० टीआय नेमकं तेवढ्यात बसतं. त्याहून जास्त वीज घेणारी कार्डं स्वस्तात मिळाली तरी या डेस्कटॉपना उपयोगाची नाहीत.

सव्वापाच

आधी कार्ड उघडायचं. चार स्क्रू काढले की पंख्यासकट हीटसिंक सुटतं. चिपवरची पेस्ट सुकून कडक झालेली, आणि हीटसिंकच्या पातळ पट्ट्यांमध्ये धुळीचा थर. नांदेड कापसाचा बाजार; इथल्या कार्डांमध्ये धुळीबरोबर बारीक तंतूही अडकलेले सापडतात, आणि ते नुसत्या ब्लोअरनं निघत नाहीत. ब्रश लागतो. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवायचा, नाहीतर तो भलत्या वेगानं फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, नवी ज्वारीच्या दाण्याएवढी लावली, स्क्रू तिरक्या क्रमानं थोडे थोडे आवळले.

ओव्हरक्लॉकिंगबद्दल, म्हणजे कार्डाचा वेग वाढवण्याबद्दल, विचारायला येणारी पोरं हा भाग वगळायला बघतात. माझं ठाम मत आहे की निम्मं ओव्हरक्लॉकिंग इथंच होतं. या पिढीची कार्डं स्वतःचा वेग स्वतः ठरवतात. तापमान आणि विजेची मर्यादा यांच्यात जागा दिसली की वेग वाढवतात, कार्ड तापू लागलं की साधारण १३-१३ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी खाली उतरतात. १०५० टीआयच्या खोक्यावर १३९२ मेगाहर्ट्झचा बूस्ट लिहिलेला असतो. स्वच्छ, थंड कार्ड प्रत्यक्षात १७००च्या पुढे धावतं. तेच कार्ड धुळीनं भरलं की काही न बिघडता मंदावतं आणि मालकाला ते कळतही नाही.

साडेसहा

आता मूळ सेटिंगवरचं माप. हेवन नावाची चाचणी अर्धा तास फिरवत ठेवली, शेजारी एमएसआय आफ्टरबर्नरचे आलेख. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. खोलीत २९ अंश, कार्डावर ६१, वेग १७२० मेगाहर्ट्झच्या आसपास. वहीत तिन्ही आकडे एका ओळीत लिहिले. खोलीचं तापमान न लिहिता नुसतं कार्डाचं तापमान लिहून ठेवण्यात अर्थ नाही. हीटसिंक कार्डाला खोलीपेक्षा किती अंश वर ठेवतं, एवढंच त्याच्या हातात असतं. इथे तो फरक ३२ अंशांचा. खोली ४०ची झाली की कार्ड ७०च्या पुढे जाणार, हे पहाटेच सांगता येतं.

साडेसात

मग वेग वाढवायला घेतला. आधी गाभ्याचा, म्हणजे कोअर क्लॉकचा: २५ मेगाहर्ट्झ वाढवायचे, दहा मिनिटं चाचणी, पुन्हा २५. मेमरीला या वेळी हात लावायचा नाही, नाहीतर बिघाड कोणाचा ते समजत नाही. १५० पर्यंत कार्ड न कुरकुरता गेलं. पुढच्या पायरीला पडदा काळा झाला आणि क्षणभरात परत आला. विंडोज कार्डाच्या उत्तराची दोन सेकंद वाट बघतं. उत्तर आलं नाही की ड्रायव्हर बंद करून पुन्हा चालू करतं. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. कार्डाची हद्द तिथे आहे एवढाच त्याचा अर्थ.

मेमरीचं लक्षण वेगळं. तिथे हद्द ओलांडली की पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चौकोन चमकतात. ते दिसायच्या आधीही एक टप्पा असतो: मेमरीचा वेग वाढवला तरी सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेम वाढत नाहीत, कधी कमीच होतात. जीडीडीआर५ मेमरीत पाठवलेली माहिती चुकली तर ती ओळखून पुन्हा पाठवायची सोय आहे, आणि तो वेळ आपल्या हिशेबातून जातो. म्हणून मेमरी वाढवताना आकड्याकडे कमी आणि फ्रेमकडे जास्त बघायचं. ३०० वर थांबलो. आफ्टरबर्नरमध्ये ३५०४ चे ३८०४ झाले, म्हणजे मेमरीची वाहतूक सेकंदाला ११२ गिगाबाइटवरून जवळजवळ १२२ वर गेली. एका पैशाचा खर्च न करता मिळालेली ही साडेआठ टक्के वाढ मला दर वेळी नव्यानं आनंद देते.

हे आकडे वहीत पेन्सिलीनं लिहिले. पहाटेचे आकडे पेन्सिलीनंच लिहायचे. शाईचे आकडे दुपारी, आणि तेही कार्ड जिथे राहणार तिथेच.

९ ते १२

लातूरची एसटी. सोनखेड, लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर. कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत, पिशवी डब्यात, डबा मांडीवर. गाडी गोदावरीच्या खोऱ्यातून बालाघाटच्या पठारावर चढत जाते; नांदेडपेक्षा लातूर अडीचशे मीटरहून जास्त उंचावर आहे, आणि उन्हाळ्यात तिथला पारा दोन-तीन अंशांनी तरी कमी असतो. कार्डाच्या हिशेबात हे दोन-तीन अंश मोलाचे.

गरिबाघरच्या कॉम्प्युटरचा वेग वाढवण्याची ही विद्या जुनी आहे. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर आला. मदरबोर्डवर बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा तो प्रोसेसर ४५० वर धावायचा आणि कितीतरी महाग पेंटियम टूच्या पंगतीला बसायचा. जगभर विद्यार्थ्यांनी तो घेतला. पुढे द्रव नायट्रोजन ओतून विक्रम करणाऱ्यांची दुनिया उभी राहिली, तिची छायाचित्रंच सगळीकडे दिसतात, आणि लोकांना वाटतं ओव्हरक्लॉकिंग म्हणजे तेच. मला ते कौतुकाचं वाटतं, पण माझ्या कामाचं नाही. ज्या घरात नवं कार्ड घ्यायला वर्षभर पैसे साठवावे लागतात, तिथे आहे त्या कार्डातून निघेल तेवढं काढून घेणं हीच या विद्येची खरी जागा.

वापरलेल्या कार्डांचा बाजारही बघता बघता बदलला. २०२१ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं खाणकाम करणाऱ्यांनी कार्डं उचलली आणि भाव दुपटीला गेले. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं ती पद्धतच सोडली. मग हजारो कार्डं बाजारात आली, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि तिथून पार आपल्यापर्यंत. आरएक्स ५७०, आरएक्स ५८०. पहिल्याला १५० वॅट, दुसऱ्याला १८५. स्वस्त म्हणून ती घेऊन येणारी मुलं माझ्याकडे येतात आणि मला त्यांना सांगावं लागतं की बाबा, यासाठी पॉवर सप्लाय बदलावा लागेल, आणि तुझ्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डला बाजारातला साधा पॉवर सप्लाय सरळ बसेल याची खात्री नाही.

दुपारी साडेबारा

ताईचं घर ट्यूशन एरियाच्या बाजूला, वरच्या मजल्यावर नीटची तयारी करणारी मुलं भाड्यानं. भाच्यानं दारातच सांगितलं, "मामा, कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला की झिणझिण्या येऊ लाल्यात बघा."

"आधी जेवू दे की त्याला," आतून ताई.

जेवण झाल्यावर पहिलं काम अर्थिंगचं. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये गडबड गाळायला कपॅसिटर असतात आणि त्यांच्यातून किंचित प्रवाह डब्याच्या पत्र्यावर येतो. तो अर्थिंगच्या वायरनं जमिनीत जायचा असतो. वायर तुटलेली असली, किंवा एक्स्टेंशन बोर्डात तिसरी वायर जोडलेलीच नसली, की तो पत्र्यावरच राहतो. हाताला मुंग्या येतात हे त्यातलं लहान दुखणं. चालू कॉम्प्युटरला टीव्हीची किंवा मॉनिटरची वायर लावताना त्याच विजेचा झटका पोर्टला बसू शकतो आणि चांगलं कार्ड कायमचं जातं. वेग वाढवल्यानं गेलेल्या कार्डांपेक्षा अशा विजेनं गेलेली कार्डं माझ्या टेबलावर जास्त येतात.

मल्टिमीटर लावला तर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये ४० व्होल्टच्या वर. बोर्डातली वायर सैल होती, ती वायरमननं येऊन आवळली. शिवाय अंगणातला अर्थिंगचा खड्डा कोरडा ठाक. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पट्टीपासून सुटते, आणि वीज जमिनीत उतरायला वाट उरत नाही. ज्या शहरात एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथे खड्ड्यात चार बादल्या पाणी ओता म्हणायला जीभ रेटत नाही. ताईनं भांडी विसळलेलं पाणी साठवून ठेवलं होतं, तेच ओतलं. आकडा तीन व्होल्टवर आला आणि मुंग्या गेल्या.

दुसरं काम कूलरचं. भाच्यानं डेस्कटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवलेला. हेतू चांगला, आणि मे महिन्याच्या कोरड्या हवेत कूलर खोली खरोखर गार करतो. पण बोअरच्या जड पाण्याचे बारीक तुषार हवेबरोबर येतात, आत सुकतात आणि क्षारांची पांढरी पूड मागे राहते. डब्याच्या मागच्या जाळीवर ती दिसतच होती. डेस्कटॉप झोतातून काढून बाजूच्या भिंतीला ठेवला, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून. कूलरनं खोली गार करावी, डब्यावर फुंकर घालू नये.

दुपारी २ ते साडेचार

आता परीक्षा. कार्ड बसवलं, डबा बंद केला. उघड्या डब्यातली चाचणी मी मोजत नाही. घरात कोणी डबा उघडा ठेवून वापरत नाही. कूलर मुद्दाम बंद ठेवला, कारण वीज गेली-आली, पाणी संपलं, असं होतंच. खोलीत ३८ अंश.

आधी मूळ सेटिंग. पहाटे १७२० वर धावणारं कार्ड अर्ध्या तासात १६५० वर आलं आणि तापमान ७६ झालं. बाहेरून कोणी काही केलं नाही, फक्त दुपार झाली. भाच्याच्या तोंडून आपोआप आलं, "म्हणजे रोज दुपारी मशीन जड होऊ लालतं ते यामुळंच का?" काही अंशी उष्णतेमुळंच.

मग पहाटेचे आकडे घातले, अधिक १५० आणि अधिक ३००. आलेखावर वेग चढला, पण स्थिर राहीना, वर-खाली, वर-खाली. पॉवरचा आकडा १०० टक्क्यांना चिकटलेला. हे कार्ड ७५ वॅटच्या वर जाऊ शकत नाही, आणि आफ्टरबर्नरमधली ती मर्यादा वाढवायची पट्टीही त्याच्यासाठी बंद असते. चिप, मेमरी, पंखा, सगळ्यांचं त्या ७५ मध्येच भागवायचं: टँकर एकच आणि घागरी तीन. त्यात चिप तापली की ती त्याच कामाला जास्त वीज गळू देते, म्हणजे टंचाई आणखी वाढते. विसाव्या मिनिटाच्या आसपास तापमान ८१ आणि पडदा काळा. पेन्सिलीचा आकडा खोडला.

आता उलट्या दिशेनं जायचं. चिपला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.०५ व्होल्टवर चालणारी चिप त्याच वेगानं ०.९५ वर चालवता आली, तर वीज सुमारे १८ टक्क्यांनी उतरते. म्हणजे वेग पुढे ढकलण्याऐवजी व्होल्ट खाली ओढायचे. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्ट-वेगाची वक्ररेषा उघडते, ठिपक्याठिपक्यांची. ९५० मिलिव्होल्टचा ठिपका हव्या त्या वेगावर उचलायचा आणि त्याच्या उजवीकडची सगळी रेषा सपाट करायची. कार्डाला सांगितलं की याच्या वर जायचंच नाही.

१८०० वर उचलला, पंधरा मिनिटांत पडलं. एक पायरी खाली, तेही पडलं. १७७१ वर ते टिकलं. पॉवरचा आकडा ८०च्या घरात, तापमान ७१, आणि आलेखावरची वेगाची रेघ जमिनीसारखी सपाट. मेमरीचे अधिक ३०० तसेच ठेवले. पंख्याची रेषाही बदलली: ६० अंशांपासूनच जोर धरायचा. आवाज थोडा वाढला, पण छतावरच्या पंख्याखाली तो कळत नाही.

पहाटे वाढवून मिळालेल्या १८७० च्या तुलनेत १७७१ म्हणजे काहीच नाही असं वाटेल. तुलना पहाटेशी करायची नाही. हेच कार्ड याच खोलीत याच वेळी मूळ सेटिंगवर १६५० देत होतं. दुपारच्या १६५० ला दुपारचे १७७१, सात टक्के जास्त, आणि पाच अंश थंड. मेमरीचा फायदा वेगळा. हे आकडे शाईनं लिहिले.

५

भाच्याचा खरा प्रश्न खेळाचा नाही, पोटाचा. अहमदपूरच्या एका लग्नाचा अर्धवट एडिट त्यानं उघडला. नव्या कार्डानं रंगसुधारणा आणि इफेक्ट असलेले भाग आता न अडखळता दिसतात. आधी डेस्कटॉपवर कार्डच नव्हतं, त्यामुळे हा फरक मोठाच. पण त्यातला ओव्हरक्लॉकिंगचा वाटा किती, हे त्याला स्पष्ट सांगितलं. शेवटी व्हिडिओची फाइल तयार होते ती कार्डातल्या एका वेगळ्या भागात, फक्त व्हिडिओ बांधण्यासाठी असलेल्या. तिथे गाभ्याचा वेग पाच-सात टक्के वाढवून फारसं हाती लागत नाही. रंगांच्या कामात थोडं लागतं. त्याला जास्त उपयोग होईल तो दुपारी मशीन न थकण्याचा, कारण नवरीकडची माणसं दुपारीच फोन करतात.

७ नंतर

वरची मुलं अभ्यासातून सुटून खाली आली. दोघा-तिघांच्या गावाकडे असेच डेस्कटॉप आहेत. पहिला प्रश्न ठरलेला: "काका, किती वाढवायचं तेवढा आकडा सांगा." आकडा सांगितला नाही. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन चिप सारख्या नसतात. माझा १७७१ दुसऱ्याच्या कार्डावर पडेल किंवा त्याचं कार्ड त्याच्या पुढेही जाईल. त्याऐवजी एक गोष्ट बघायला लावली. खेळ चालू असताना कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या खाली राहत असेल तर अडचण कार्डाची नाही. जुन्या आय५ वर हे नेहमी दिसतं: प्रोसेसर मागे पडतो आणि कार्ड रिकामं बसतं. अशा मशीनवर कार्ड कितीही पळवा, फ्रेम वाढणार नाहीत. तिथे ८ जीबीची आणखी एक रॅम किंवा एसएसडी घ्या.

आणि कार्डाचा बायोस बदलायच्या फंदात पडू नका, हेही बजावलं. आफ्टरबर्नरचं सेटिंग चुकलं तर कॉम्प्युटर पुन्हा चालू केला की सुटका होते, तेही विंडोज सुरू होताना सेटिंग आपोआप लागू करण्याची खूण केलेली नसेल तर. ती खूण मी भाच्यालाही करू दिली नाही. आधी काही आठवडे रोज हातानं लावायचं, लग्नाचं खरं काम त्यावर करायचं, मग खूण. बायोस चुकला तर कार्डच उठत नाही, आणि गावाकडे ते परत उठवून देणारा कोणी नसतो.

साडेनऊ

मुक्काम ताईकडेच. झोपायच्या आधी भाच्याच्या वहीत तीन ओळी लिहून दिल्या: खोलीचं तापमान, कार्डाचं तापमान, वेग. हाच तक्ता जुलैत आणि डिसेंबरात पुन्हा भर. कार्डाचा खोलीपेक्षा फरक वाढत गेला तर धूळ साचली असं समज आणि ब्रश घे.

वाचणाऱ्यांना एक विनंती. वापरलेलं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं असेल तर पाऊस पडायच्या आधी घ्या, भर दुपारी विकणाऱ्याच्या घरी जा, बंद डब्यात अर्धा तास चाचणी चालवायला सांगा आणि पडद्यासमोरून उठू नका. तो तयार नसेल तर कार्ड घेऊ नका.